ट्रॅक्टरमध्ये बायोडिझेल घालायचं का? आधी हे ऐका



मी धारवाडचा. गेली ३२ वर्षं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो. घरात मराठी, दारात कन्नड, आणि ट्रकवाले आले की हिंदी. ट्रॅक्टरवाल्यांकडून मला वर्षभर एक प्रश्न येतो: "साहेब, बायोडिझेल चालतं का हो?" याचं उत्तर मी पूर्वी एका शब्दात द्यायचो, "चालतं." आता देत नाही, कारण त्या एका शब्दाने माझ्या सख्ख्या भावाची पेरणी लांबली. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

दादाचा ट्रॅक्टर

आमची शेती दादा बघतो. काळी जमीन, खरिपात सोयाबीन, रब्बीत जोंधळा आणि हरभरा. ट्रॅक्टर ४५ हॉर्सपॉवरचा, १५ वर्षं जुना, पण इंजिन ठणठणीत. काही वर्षांपूर्वी मीच दादाला म्हणालो, "बायोडिझेल मिसळून बघू. माझ्या ओळखीच्या ठिकाणी चांगला माल मिळतोय, तपासणीचा कागदही आहे." दादा म्हणाला, "तू यातला. तू म्हणतोस तर घाल."

रब्बीच्या मशागतीला सुरुवात केली. ८० लिटर डिझेलला २० लिटर बायोडिझेल. पहिल्या पंधराएक तासांत फिल्टर चोंदला. मला ते अपेक्षित होतं. फिल्टर बदलला आणि पुढे ट्रॅक्टर असा चालला, की दादाच म्हणाला, "धूर कमी झाला रे, आवाजही मऊ वाटतोय." रोटाव्हेटर, पेरणी, सगळं झालं. मी खूश.

पेरणी आटोपली आणि ट्रॅक्टर शेडमध्ये गेला. टाकी अर्धी भरलेली होती. उन्हाळ्यात पलटी नांगरट आम्ही मोठ्या भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेतो, त्यामुळे आमचा ट्रॅक्टर सात महिने जागचा हलला नाही. जूनमध्ये पाऊस झाला, वाफसा आला, आणि दादाने ट्रॅक्टर काढला. सुरू झाला. पण शेतात पेरणीयंत्र खाली टाकून दोन तास गेले नाहीत, तोच दम तोडला आणि बंद पडला.

मी पोचलो, फिल्टरखालची काचेची वाटी उघडली. तळाला पाणी, त्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर, आणि बाजूला तपकिरी चिकट गाळ. नवा फिल्टर टाकला, तो तासाभरात भरला. टाकी उतरवली, पाइप काढले. एक रबरी पाइप दाबला तर बोटाला पिठूळ लागला. पंप वर्कशॉपमध्ये आणावा लागला. त्यात तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी मोठा पाऊस लागला, आणि वाफसा गेला तो दहा दिवसांनी परत आला. दादा मला एक शब्दही बोलला नाही. वहिनी चहा देताना एवढंच म्हणाल्या, "भावजी, ते तेल परत नको हं."

त्या दिवसापासून मी या विषयाचा नीट अभ्यास केला. जे कळलं ते एका वाक्यात सांगतो: बायोडिझेल ट्रॅक्टर चालताना सहसा त्रास देत नाही, ट्रॅक्टर उभा असताना देतं. आणि ट्रॅक्टर हे वर्षातले बरेच महिने उभं राहणारं यंत्र आहे. ट्रकची टाकी दोन दिवसांत रिकामी होते. आपल्या ट्रॅक्टरची टाकी कधीकधी दोन हंगाम तशीच असते. सगळा फरक इथे आहे.

आधी हे बायोडिझेल म्हणजे काय ते बघू

खूप जणांना वाटतं, की तेल गाळून टाकीत ओतलं की झालं बायोडिझेल. तसं नाही.

डिझेल इंजिन वनस्पती तेलावर चालतं, हे खरं आहे आणि जुनं आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकत होता, म्हणून फ्रेंच सरकारला त्यात रस होता. रुडॉल्फ डिझेल यांनी स्वतःच ही हकिकत पुढे सांगितली आहे. पण त्या काळचं इंजिन वेगळं होतं आणि आजचं वेगळं.

आज अडचण कुठे येते? तेलाच्या जाडपणात. करंजाचं, सोयाबीनचं, शेंगदाण्याचं, कुठलंही तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट जाड असतं. नोझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा उडतो, तेलाचे मात्र थेंब पडतात. थेंब नीट जळत नाहीत. मग नोझलच्या टोकावर कार्बन साचतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, आणि न जळलेलं तेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरून त्याचा घट्ट लगदा होतो. असं नुसतं तेल घालून चालवलेली इंजिनं माझ्या टेबलावर आली आहेत. पहिले शंभरएक तास मालक सगळ्यांना सांगत फिरतो, की बघा कसा चालतो. त्यानंतर तो माझ्याकडे येतो.

बायोडिझेल करताना हा जाडपणा काढून टाकतात. तेलाच्या एका कणात तीन लांब शेपट्या एका ग्लिसरीनच्या गाठीला बांधलेल्या असतात. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा तशाच जातीचं दुसरं अल्कली घालून ६० अंशांच्या आसपास तापवत ढवळलं, की ती गाठ सुटते. तिन्ही शेपट्या मिथेनॉलशी जोडल्या जाऊन मोकळ्या होतात. ते झालं बायोडिझेल. ग्लिसरीन जड असल्यामुळे तळाला बसतं, ते काढून घेतात. नंतर उरलेलं मिथेनॉल, साबण आणि पाणी काढून माल स्वच्छ करावा लागतो. ढोबळ हिशेब असा: १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल, त्यातून १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन.

आता याचा जाडपणा जवळजवळ डिझेलएवढा येतो. म्हणून ते इंजिनात काही बदल न करता चालू शकतं.

नावं लक्षात ठेवा. शुद्ध बायोडिझेलला बी-१०० म्हणतात. २० टक्के बायोडिझेल आणि ८० टक्के डिझेल म्हणजे बी-२०. ५ टक्के म्हणजे बी-५. आपल्याकडे बी-१०० साठी भारतीय मानक आहे, आयएस १५६०७. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. पंपावरच्या साध्या डिझेलच्या मानकातही थोड्या टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे. म्हणजे तुम्ही ते नकळत कधी वापरलंही असेल.

चांगलं काय आहे

तक्रारी सांगण्याआधी गुण सांगतो, नाहीतर अन्याय होईल.

पहिला गुण वंगणाचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएमपेक्षा जास्त नसतं. हवेसाठी ते चांगलंच. पण गंधक काढताना डिझेलचा अंगचा स्निग्धपणाही कमी होतो, म्हणून कंपन्या त्यात वेगळं वंगणद्रव्य घालतात. बायोडिझेल मुळातच स्निग्ध आहे. १-२ टक्के मिसळलं तरी पंपाच्या आतल्या भागांची झीज कमी होते. डिझेलवरच वंगण होणाऱ्या रोटरी पंपांना याचा विशेष उपयोग आहे.

दुसरा गुण जळण्याचा. बायोडिझेलमध्ये वजनाने साधारण १० ते ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे काळा धूर कमी होतो. शेडमध्ये, पॉलिहाउसजवळ, माणसांच्या गर्दीत काम असेल तर फरक जाणवतो.

तिसरा गुण सुरक्षिततेचा. बायोडिझेलची वाफ पेट घ्यायला १०० अंशांच्या वर तापमान लागतं. डिझेल त्याच्या बरंच आधी पेटतं. पण यात एक अट आहे, माल शुद्ध हवा. आत मिथेनॉल राहिलं असेल तर हा गुण गेलाच.

ताकदीचं काय? शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण ८ टक्के कमी असते. बी-२० मध्ये हा फरक दीड-दोन टक्क्यांवर येतो. पेरणीला, फवारणीला तो कळतही नाही. मात्र पैशाचा हिशेब करताना हा आकडा विसरू नका. समजा डिझेल ९० रुपये लिटर आहे. मग बी-१०० तुम्हाला ८३ रुपयांना मिळालं तर तुम्ही फक्त बरोबरीत आलात, फायदा त्याच्या खाली सुरू होतो. त्यातून जादा फिल्टरचा खर्चही वजा करा.

बिघाड कुठे होतो

आता दादाच्या ट्रॅक्टरकडे परत येऊ. त्याच्या टाकीत एकाच वेळी चार गोष्टी घडल्या होत्या.

एक, गाळ सुटला. बायोडिझेल हे चांगलं धुणारं द्रव्य आहे. जुन्या टाकीच्या भिंतीला वर्षानुवर्षांची राळ, गंज, मळी चिकटलेली असते. डिझेल तिला हात लावत नाही, बायोडिझेल ती सोडवतं आणि फिल्टरमध्ये आणून टाकतं. पहिला फिल्टर म्हणूनच भरला. तिथे माझी चूक झाली. मला वाटलं, निघायचं ते निघालं. पण अर्ध्या टाकीत सात महिने तेच मिश्रण भिजत पडलं होतं आणि ते काम करतच राहिलं.

दोन, पाणी आलं. बायोडिझेल डिझेलपेक्षा जास्त ओलावा धरतं. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या हवेतली वाफ रात्री गार पत्र्यावर पाणी होऊन खाली उतरते. डिझेलखाली पाणी साचलं की दोघांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात. बायोडिझेल तर मुळात वनस्पतीचं, त्यांना ते आणखी मानवतं. तो शेवाळासारखा थर यांचाच होता.

तीन, इंधन खवट झालं. डब्यातलं तेल जुनं झालं की खवट होतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तेच बायोडिझेलचं होतं. हवा, ऊन आणि उष्णता मिळाली की ते आंबट होतं, मग त्यात राळ धरते. आपल्या आज्या बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट किंवा तेलकट काही ठेवू द्यायच्या नाहीत. इथेही तोच न्याय आहे. तांबं, पितळ, जस्त, शिसं यांच्या संगतीत बायोडिझेल लवकर बिघडतं. आणि जुन्या ट्रॅक्टरला तांब्याची नळी, पितळेचा नळ असतोच. पत्र्याचं शेड मार्च ते मे कसं तापतं, ते सांगायला नको.

चार, रबर गेलं. जुन्या ट्रॅक्टरमधलं साधं रबर आणि काही प्रकारच्या सील बायोडिझेलमध्ये फुगतात, मऊ पडतात किंवा पिठूळ होतात. व्हिटॉन नावाच्या रबराला त्रास होत नाही, पण १५ वर्षं जुन्या ट्रॅक्टरला ते असेलच असं नाही. कमी टक्क्यांत हा परिणाम हळू होतो. भिजून पडलं की वाढतो.

ट्रॅक्टर रोज चालत असता, तर यांतली पहिली गोष्ट आठवड्यात संपली असती आणि बाकीच्या तीन सुरूच झाल्या नसत्या.

उत्तरेकडच्या मंडळींसाठी पाचवी गोष्ट. थंडीत बायोडिझेल गोठू लागतं. पामतेलाचं किंवा चरबीचं शुद्ध बायोडिझेल १२ ते १५ अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं, सोयाबीनचं शून्याच्या जवळ. बी-२० मध्ये हा त्रास बराच कमी होतो, पण इंदूर, देवास, ग्वाल्हेरकडे किंवा हरियाणा-पंजाबात जानेवारीच्या पहाटे मोटर सुरू करायची असेल, तर कशाचं बायोडिझेल आहे हे विचारून घ्या. फिल्टरमध्ये मेण साचलं की ट्रॅक्टर नुसताच घुर्र घुर्र करतो.

हे तेल येतं कुठून?

आता तुम्ही विचाराल, की एवढं चांगलं इंधन गावागावात का दिसत नाही?

आपल्या देशाने प्रयत्न बरेच केले. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेलवर चालवून बघितली गेली. २००३ मध्ये नियोजन आयोगाने राष्ट्रीय बायोडिझेल मोहिमेची शिफारस केली, आणि सगळा भर जट्रोफावर आला. आपण त्याला मोगली एरंड म्हणतो, हिंदीत रतनजोत. छत्तीसगडपासून आंध्रापर्यंत लागवडी झाल्या. सांगितलं असं, की पडीक जमिनीत, बिनपाण्याचं, भरपूर येतं. झाड पडीक जमिनीत जगलं, हे खरं. पण जगणं वेगळं आणि बी धरणं वेगळं. पाणी-खत नाही तर उत्पन्न नाही. फळं एकदम पिकत नाहीत, चार-चार वेळा वेचायला मजुरी लागते, आणि बियांना भाव नाही. खूप शेतकऱ्यांनी ती झाडं उपटून टाकली.

करंजाची गोष्ट जरा बरी आहे. करंज झाड तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, फक्त नाव बदलतं. कन्नडमध्ये होंगे, तेलुगूत कानुगा, तमिळमध्ये पुंगम, हिंदीत करंज. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या खेड्यांत होंगे तेलावर डिझेल इंजिनं चालवून दाखवली आणि त्यातून पाणी उपसण्यापर्यंत काम नेलं. एका ठिकाणी उभं असलेलं, सावकाश आणि सारख्या वेगाने चालणारं इंजिन, आणि शेजारीच तेल गाळायची सोय, तिथे हे जमतं. ट्रॅक्टरवर भार क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून तिथे कच्चं तेल नको, बायोडिझेलच हवं.

करंजाच्या बियांत साधारण ३० टक्के तेल असतं, घाण्यातून २५ टक्क्यांच्या आसपास हाती येतं. म्हणजे एका लिटरला जवळपास ४ किलो बी. तुमच्या बाजारात बियांचा जो भाव असेल त्याला चारने गुणा, गाळणावळ, मिथेनॉल आणि प्रक्रिया धरा, पेंडीचे पैसे वजा करा. करंज पेंड शेताला उत्तम, तिची किंमत कमी लेखू नका. एवढा हिशेब मांडला की परवडतं की नाही हे कुणाला विचारावं लागणार नाही.

खाद्यतेलाचं बायोडिझेल करायचा विचार मात्र सोडून द्या. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, आणि ते डिझेलपेक्षा महाग आहे. इंडोनेशियाकडे पाम आहे, ब्राझीलकडे सोयाबीनचं तेल आहे, म्हणून त्यांना जमतं.

आपल्याकडे खरा पर्याय उरतो तो वापरलेल्या तेलाचा. हॉटेलात, फरसाणाच्या कारखान्यात तेच तेल पुन्हा पुन्हा तापवतात. १ जुलै २०१८ पासून नियम असा आहे, की तेलातले बिघडलेले घटक, ज्यांना टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची रुको नावाची योजना सुरू केली. त्याच वर्षीच्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल हे लक्ष्य ठेवलं आहे. प्रत्यक्षातलं मिश्रण त्याच्या फार मागे आहे. कारण सोपं आहे, कच्चा माल मिळत नाही.

नाव बायोडिझेल, आत भलतंच

जिथे मालाची टंचाई, तिथे बनावट माल आलाच. गेल्या काही वर्षांत गुजरातमध्ये पोलिसांनी अशा बऱ्याच ठिकाणी छापे घातले, जिथे औद्योगिक वापराची द्रावणं आणि हलकी तेलं बायोडिझेल म्हणून विकली जात होती. माझ्याकडेही असे पंप येतात. शेतकरी सांगतो, "टँकरवाला गावात आला होता, २० रुपये स्वस्त होतं." पंप उघडला की आत ओरखडे, प्लंजर घासलेला. त्या द्रावणात वंगण नावालाही नसतं. बायोडिझेल बदनाम होतं, आणि टाकीत बायोडिझेलचा थेंब नसतो.

घेताना चार गोष्टी बघा. बिल हवं, त्यावर बी-१०० किंवा मिश्रणाचा आकडा हवा. आयएस १५६०७ प्रमाणे तपासणीचा अहवाल हवा आणि तो त्याच लॉटचा हवा. भाव फारच कमी असेल तर सोडून द्या. आणि रॉकेल किंवा थिनरसारखा उग्र वास आला तर घेऊ नका, बायोडिझेलचा वास तळणीच्या तेलाच्या जवळचा असतो.

एक घरगुती परीक्षा सांगतो. काचेच्या बाटलीत अर्धं पाणी, अर्धं बी-१०० घ्या, झाकण लावून नीट हलवा आणि अर्धा तास ठेवा. चांगला माल असेल तर वर तेल, खाली पाणी, मध्ये स्वच्छ रेघ. मध्ये दुधासारखा फेसाळ थर राहिला तर साबण किंवा अर्धवट झालेलं तेल आहे. ही परीक्षा नापास करायला उपयोगी आहे, पास करायला नाही. पास करायला प्रयोगशाळेचा कागदच लागतो. आणि काडी लावून परीक्षा कुणीही करू नका.

घरी करू का?

हा प्रश्न तरुण मुलं हमखास विचारतात. माझं उत्तर, करू नका. मिथेनॉल हे विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. त्याची वाफ श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जाते. त्याची ज्वाला दिवसाउजेडी धड दिसतही नाही, माणूस पेटला हे उशिरा कळतं. ते साठवायला नियम आणि परवाने आहेत. शिवाय करंजाच्या किंवा वापरलेल्या तेलात मोकळी आम्लं जास्त असतात. सरळ कॉस्टिक सोडा घातला तर बायोडिझेलऐवजी साबण होतो. आधी आम्लाची प्रक्रिया, मग अल्कलीची, असे दोन टप्पे करावे लागतात. गावाने किंवा शेतकरी कंपनीने मिळून, माहितगार माणूस ठेवून, प्रयोगशाळेची जोड घेऊन करायचं काम आहे. परसात ड्रम ठेवून करायचं नाही.

तरीही वापरायचं असेल, तर

मी विरोधात नाही. दादाचा ट्रॅक्टर आजही बायोडिझेलवर चालतो. फक्त आता आमचे नियम ठरलेले आहेत.

१. आधी ट्रॅक्टरचं पुस्तक उघडा. त्यात किती टक्क्यांची परवानगी आहे ते बघा आणि त्यापुढे जाऊ नका. वॉरंटीत असलेल्या ट्रॅक्टरला तर नाहीच. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना कडक प्रदूषण नियम लागू झाले. अशा ट्रॅक्टरमध्ये सहसा कॉमन रेल असते. तिथे इंधनाचा दाब हजार बारच्या वर जातो आणि नोझलची भोकं अतिबारीक असतात. तिथे प्रयोग करू नका.

२. जुना ट्रॅक्टर असेल तर टाकी उतरवून धुवा, रबरी पाइप आणि वॉशर तपासा, शंका असेल ते बदला. हे काम आधी करा. मी नंतर केलं.

३. बी-५ ने सुरुवात, मग बी-१०, आणि बी-२० ला थांबा. मिसळताना आधी डिझेल, वरून बायोडिझेल. बायोडिझेल जड असतं, आधी ओतलं तर तळाला बसून राहतं.

४. पहिले ५० तास जवळ दोन फिल्टर आणि पाने ठेवा. २० ते २५ तासांत पहिला बदला. काचेच्या वाटीत रोज सकाळी बघा आणि पाणी दिसलं तर काढा.

५. इंजिन ऑइलची पट्टी बघत राहा. पातळी आपोआप वाढली तर आनंद मानू नका, इंधन ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल लगेच बदला.

६. बी-१०० चा ड्रम सावलीत, घट्ट झाकणाचा, लोखंडी किंवा जाड प्लास्टिकचा असावा. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी नको. ड्रमवर तारीख लिहा आणि तीन महिन्यांत संपवा. एका हंगामाला लागेल तेवढंच घ्या.

७. आणि सगळ्यात महत्त्वाचं. काम संपत आलं, की शेवटच्या दोन टाक्या साध्या डिझेलच्या चालवा, म्हणजे पाइप, फिल्टर, पंप, नोझल सगळीकडे डिझेल पोचतं. मग टाकी काठोकाठ डिझेलने भरून ट्रॅक्टर उभा करा. टाकीत रिकामी जागा नाही, तर वाफेला जागा नाही. महिन्या-दीड महिन्यात एकदा अर्धा तास चालवा.

दादाने एक सोपी पद्धत काढली आहे. शेडच्या खांबावर तो खडूने लिहितो: "टाकीत काय, कधी भरलं." गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा लिहिलेलं होतं, "साधं डिझेल, पूर्ण, पेरणी झाल्यावर." जूनमध्ये त्याने किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू झाला. पेरणी एका वाफशात झाली. वहिनी अजून त्या ड्रमकडे संशयानेच बघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तेव्हा मंडळी, कुणी विचारलं की बायोडिझेल चालतं का, तर त्याला उलट विचारा: "तुझा ट्रॅक्टर वर्षातले किती महिने उभा असतो?" उत्तर त्यावर अवलंबून आहे.

पुढच्या भागात नोझल घरच्या घरी कशी ओळखायची, चांगली कुठली आणि गेलेली कुठली, ते बघू. तोवर आज संध्याकाळी एक काम करा, शेडमध्ये जाऊन तुमच्या फिल्टरखालच्या वाटीत काय आहे ते बघून या.

नमस्कार.